कागद फाडणारा माणूस

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

बळीराम वाघळे गेले. सकाळी वैशालीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल साबणात तसाच ठेवून खुर्चीवर बसलो. वैशाली आमच्या सुरतेतल्या मंडळाची अध्यक्ष. शाळेत शिकवते, रडणाऱ्यांतली नाही. पण आवाज बसला होता. "दादा, आपला माणूस गेला," एवढंच म्हणाली.

उद्याच्या पेपरात चार ओळी येतील. ज्येष्ठ चरित्र अभिनेते, वय अठ्ठ्याहत्तर, अल्प आजार. चरित्र अभिनेता म्हणजे ज्याला नायक करायची कोणाची छाती झाली नाही तो! हिंदीवाल्यांनी त्यांना तीस वर्षं ड्रायव्हर केलं. वाट्याला दोनच शब्द, "हां साब". पण ते दोन शब्द हा माणूस असे उच्चारायचा की मागच्या सीटवरचा नायक लहान दिसायला लागायचा.

त्यांचा तो हवालदार आठवतो. भर उन्हात रस्त्यावर बेवारस प्रेत पडलं आहे, साहेब येईपर्यंत राखण करायची आहे. साहेब दिवसभर येत नाही. हवालदार आधी स्वतः झाडाखाली बसतो. मग उठतो आणि आपली छत्री उघडून प्रेताच्या तोंडावर सावली धरतो. का, ते सांगत नाही. एकदा लग्नघरचा आचारी केला होता. पाचशे माणसांचं रांधतो आणि पंगत बसली की चुलाण्यापाशी पाठ करून उभा राहतो. त्या पाठीवर मी नंदुरबारच्या एका सभेत पाऊण तास बोललो होतो.

पण आमच्या सुरतेच्या कामगारांसाठी वाघळे म्हणजे एकच चित्रपट, 'बाराव्या मागावरचा माणूस'. आणि त्यातही शेवटचा एकच प्रसंग. भिका माग चालवतो. शेजारच्या मागावरच्या रहीमचा हात यंत्रात जातो. मालक भिकापुढे कागद सरकवतो: रहीम दारू पिऊन आला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. खाली सही कर. भिका कागद घेतो, वाचतो, त्याचे चार तुकडे करतो आणि मालकाच्या चहाच्या कपात बुडवतो. एक शब्द न बोलता!

एकोणतीस वर्षं मी हा प्रसंग सांगतो आहे. उधन्यात, कतारगामला, पलसाण्याच्या रंगकारखान्यांच्या फाटकावर. बारा बारा तास पाळी करणाऱ्यांना चित्रपट बघायला वेळ कुठून? त्यांनी भिका माझ्या तोंडून पाहिला.

तेवीस तारखेला, रविवारी दुपारी, समाजमंदिरात शोकसभा. आधी चित्रपट, मग माझं भाषण. वैशालीनं इंटरनेटवरून चित्रपट मिळवला आहे म्हणे. आम्हाला मिळत नव्हता तो इतकी वर्षं, आणि आता माणूस गेल्यावर मिळाला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

भाषणाची टिपणं काढायला बसलो. २००९ साली वाघळे इथं आले होते तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. मंडळाचा वर्धापनदिन होता. मी त्यांच्यासमोर, त्यांच्याच तोंडावर तो कागद फाडण्याचा प्रसंग उभा केला. हॉल टाळ्यांनी दणाणला. मग ते माइकपाशी आले. म्हणाले, "हा प्रसंग मी करायला हवा होता."

केवढी विनयशीलता! अजरामर काम करूनही माणूस म्हणतो की मला ते जमलं नाही. त्यानंतर मी नेहमीप्रमाणे हेमराजला उभं केलं. वाघळे स्टेजवरून खाली उतरले, गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेले, त्याचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहत राहिले. अभिनेत्याची तऱ्हा. मी मनात म्हटलं, एखादी भूमिका शोधत असतील.

हेमराजबद्दल या वहीत पूर्वी आलं आहे, तरी पुन्हा लिहितो. मूळ अमळनेरकडचा, बोली अजून अहिराणीच. २००३ साली पलसाण्याच्या एका रंगकारखान्यात होता. ओलं कापड पिळणाऱ्या यंत्रात एका ओरिसाच्या कामगाराचा हात कोपरापासून गेला. पाहणारा हेमराज एकटा. मॅनेजरनं कागद पुढे केला, तंतोतंत तसाच: दारू प्याला होता. त्याच्या तीनच दिवस आधी फाटकावर माझी सभा झाली होती. हेमराजनं कागदाचे चार तुकडे केले आणि मॅनेजरच्या चहात टाकले.

त्या कामगाराला न्याय मिळाला. हेमराजचं काम गेलं. पलसाण्यापासून कडोदऱ्यापर्यंत एकाही कारखान्यानं त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. आता कडोदऱ्याला एका सोसायटीत वॉचमन आहे.

तेव्हापासून प्रत्येक सभेत भिकाचा प्रसंग सांगून झाला की मी हात वर करतो: "चित्रपटातला भिका तुम्ही ऐकलात, आता खरा बघा! ऊठ हेमराज!" तो उठतो, हात जोडतो, खाली बसतो. बावीस वर्षांत एक शब्द बोललेला नाही. बोलणं त्याचं काम नव्हे.

आज त्याचाच फोन. "दादा, तो सिनेमा दखाडी ऱ्हायनात ना? मी येसू. सुट्टी टाकी दिन्ही. एकदम पुढे बससू." मी विचारलं, तू तो अजून पाहिलाच नाहीस? म्हणाला, "कवय दखसू? तुमनाच तोंडे आयका."

शनिवार, १५ फेब्रुवारी

वैशालीनं पाठवलेला चित्रपट आज दुपारी टीव्हीवर लावला. लीला शेजारी मेथी निवडत होती. मी वही-पेन घेऊन बसलो, भाषणात नेमके संवाद हवेत म्हणून.

शेवट आला. मालक कागद सरकवतो. टेबलावर चहा आहे, वाफ निघते आहे. भिका कागद घेतो, वाचतो. माझे ओठ हलत होते. भिका पेन मागतो.

सही करतो.

शाळेत शिकवलेली अक्षरं, एकेक, रेघेवर, सावकाश. मग घरी जातो. हात धुतो. बायको ताट वाढते. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, डाव्या हातानं भाकरी मोडायला लागतो. बायको बघते. ती विचारत नाही, तो सांगत नाही. चार मिनिटं. खेळ खलास.

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा. लीला म्हणाली, "पाच वेळा पाहिल्यानं तो सही करायचा थांबणार आहे का?"

रविवार, १६ फेब्रुवारी

ही प्रत खोटी आहे. शेवट कापून दुसरा जोडला आहे. मालकांच्या जगात हे अशक्य नाही! पुस्तकांतली पानं गाळली जातात, भाषणं बदलली जातात, तिथं एका चित्रपटाची काय कथा? मी डोळ्यांनी पाहिलेलं मला माहीत नाही?

पुरावा हवा म्हणून माळ्यावरून कात्रणांची ट्रंक काढली. १९९१ ची फाइल. परीक्षण सापडलं. त्यात लिहिलं आहे की भिका सही करतो तो क्षण बघवत नाही, आणि वाघळ्यांनी मराठी पडद्यावर याहून मोठं काम केलेलं नाही. त्या वाक्याखाली लाल शाईची रेघ. समासात अक्षर माझं: "पराभूत शेवट. यातून कामगारानं काय घ्यायचं?"

तारीखही माझ्याच हातची.

म्हणजे मी वाचलं होतं. मग विसरलो? की विसरलो नव्हतो? एखादी गोष्ट पुष्कळदा सांगितली की ती पाहिल्यासारखी होते, हे मी मानसशास्त्राच्या पुस्तकांत वाचलं आहे. पण ते इतरांबद्दल वाचलं होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

लीलाला विचारलं. विचारायला नको होतं.

"तुम्हाला खरंच आठवत नाही?" ती म्हणाली. "शहाण्णव साल. सुट्टीच्या दिवशी दुपारी चाळीत व्हिडिओ आणला होता. भिका ऑफिसात शिरला आणि लाइट गेली. सगळे ओरडायला लागले, दादा, पुढं काय होतं, तुम्ही वाचलंय ना. आणि तुम्ही बाकावर चढलात."

"मग?"

"मग काय? असं सांगितलंत, असं सांगितलंत, की लाइट आली तरी कोणाला टीव्हीची आठवण राहिली नाही. व्हिडिओवाला सेट उचलून घेऊन गेला. घरी येऊन तुम्ही हात धुता धुता म्हणालात, शेवट मेला रडका होता, मी बदलून टाकला. आणि हसलात."

"मी हसलो?"

"खूप."

मला हसल्याचं आठवत नाही. बाक आठवतो. खालून वर बघणारे ते चाळीस चेहरे आठवतात. बाजीराव मागवाला डोळे पुसत होता तेही आठवतं. भिकाला कागद फाडताना मी पाहिलंच आहे, अजूनही दिसतो. फक्त आता लक्षात येतं की माझ्या डोळ्यांपुढच्या त्या प्रसंगात पडद्याची चौकट नाही.

लीलाला म्हटलं, हेमराजच्या वेळी तू बोलली का नाहीस? म्हणाली, "त्या दिवशी लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं. मी काय बोलणार?" मग भाजी फोडणीला टाकता टाकता पाठमोरीच म्हणाली, "तुमच्यापुढे कोणी कधी असा कागद सरकवला का हो? रेल्वेत?"

मी रेल्वेच्या मालधक्क्यावर छत्तीस वर्षं कारकून होतो. सभा रात्री संपली तरी सकाळी दहाला टेबलावर हजर. प्रश्न अप्रस्तुत होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दोन दिवस स्वतःशी वाद घातला. माझी बाजू मजबूत आहे. कला म्हणजे आरसा नव्हे. आरसा दाखवून गुलामाला काय मिळतं, गुलामाचं तोंड! त्या दुपारी मी खरा शेवट सांगितला असता तर चाळीस माणसं माना खाली घालून पाळीवर गेली असती. मी त्यांना ताठ मान दिली. आणि पलसाण्याला एका हात गेलेल्या माणसाला न्याय मिळाला तो कोणामुळे? वाघळ्यांच्या भिकामुळे की माझ्या?

हे सगळं लिहिलं आणि वाचून पाहिलं. सभेत टाळ्या पडतील असं आहे.

पण पलसाण्याला सही न करणारा माणूस समोर खुर्चीवर बसणार आहे. एकदम पुढे. बावीस वर्षं तो कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा आहे तो भिका उभा होता म्हणून. आणि भिका तर आतच होता. सही करून जेवत होता.

वैशालीला फोन केला. म्हटलं, हा चित्रपट फार लांब आहे, तो हवालदाराचा लावू. त्यातली छत्री बघून माणसं हलून जातील.

"अहो दादा, लोक याच्यासाठी येणार आहेत. पांडेसऱ्याहून दोन टेम्पो भरून येतायत." मग जरा विचार करून म्हणाली, "पण वेळेचं म्हणाल तर बरोबर आहे. एक करू. भिका मालकाच्या ऑफिसात शिरला की मी चित्रपट थांबवते. शेवट तुम्ही सांगा. खरं सांगू का, लोकांना तो तुमच्या तोंडूनच आवडतो. ते पडद्यावर बघून तेवढी मजा यायची नाही."

"तू पाहिलास का शेवट?" मी विचारलं.

"कुठं वेळ झाला, पेपर तपासायचे पडलेत. मला तो पाठच आहे की. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सहावीत होते."

मी म्हटलं, ठीक आहे.

ठीक आहे म्हणालो आणि फोन ठेवल्यावर तहान लागली. दोन तांबे पाणी प्यालो. कोणाला कळणार नाही. पुन्हा शहाण्णव साल येईल, पडदा थांबेल आणि मी उभा राहीन. यावेळी लाइटसुद्धा जायची गरज नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कडोदऱ्याला जाऊन आलो. रविवारच्या आत हेमराजला एकांतात सगळं सांगायचं ठरवून निघालो होतो. रिक्षात बसल्या बसल्या वाक्यं जुळवली होती.

एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत प्रमिलाबाई, हेमराजची बायको, साडीच्या काठाला खडे चिकटवत बसल्या होत्या. मला पाहून पदर सारखा केला, पण काम थांबवलं नाही. हेमराज ड्यूटीवरून यायचा होता. मी सहज म्हटलं, "रविवारी तुम्हीही या, चित्रपट आहे."

"तोच ना, कागद फाडाना?" त्यांनी डिंकाची बाटली आपटून खाली ठेवली. "बावीस वरीस व्हयनात दादा, तो सिनेमा मना घरमा बठेल शे, आन् मी त्याले अजून दखेल नही. त्या दिन घर ऊनात, माले म्हनतस, परमिला, मी भिकासारखं करी टाकं. मी म्हंतं, कोन भिका? मन्ही वर्षा चौथीमा व्हती. मास्तर घर ईसन सांगी गयात, पोर हुशार शे. पुढना वरीसले तीच पोर मना शेजारे बठीसन खडा चिकटाडी ऱ्हायंती."

वर्षा आता नंदुरबारला दिलेली आहे. मी तिच्या लग्नात बोललो होतो.

"मी येसू पन," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माले दखनं शे त्या भिकानं तोंड. त्यानी बायको काय बोलनी व्हती ते बी दखनं शे."

तेवढ्यात हेमराज आला. वॉचमनच्या निळ्या शर्टातच. मला दारात बघून इतका खुलला की मी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. "दादा! तुम्हीन कसाले ऊनात? फोन करता ना!" त्यानं चहा मागवला. चहा आला, गार झाला. मी वाघळ्यांच्या आजारपणाबद्दल बोललो, सभेच्या व्यवस्थेबद्दल बोललो. माइक चांगला हवा असंही बोललो. जन्मभर हजारोंपुढे बोललो, एका माणसापुढे एक वाक्य फुटेना.

निघताना तो कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. "दादा, एक इचारू? तो कागद फाडस तवय त्यानं तोंड कसं व्हस? मी फाडा तवय मना पाय कापी ऱ्हायंतात. त्याना बी कापतस का?"

मी म्हटलं, "रविवारी बघ."

सोमवार, २४ फेब्रुवारी

कालचं आज सकाळी लिहितो आहे. काल हात चालला नसता.

समाजमंदिर भरून बाहेर माणसं उभी होती. वाघळ्यांच्या फोटोला हार, समोर मेणबत्त्या. हेमराज पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी प्रमिलाबाई. लीला मागे बायकांत.

चित्रपट सुरू झाला. मी लोकांकडे बघत होतो. वाघळे नुसते माग चालवत होते तरी बाजीराव म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता, "बघ, धोटा कसा फेकतो! शिकून आलाय गडी, नाटक नाही." रहीमचा हात गेला तेव्हा एका बाईनं डोळ्यांवर पदर घेतला. भिका ऑफिसात शिरला. मालकानं कागद सरकवला आणि वैशालीनं ठरल्याप्रमाणे चित्रपट थांबवला. पडद्यावर वाघळ्यांचा चेहरा तसाच राहिला, कागदाकडे बघणारा. दिवे लागले. लोक आधीच टाळ्या वाजवायला लागले होते.

"दादा! दादा, पुढं सांगा!"

मी उभा राहिलो. माइक हातात होता. एकोणतीस वर्षांचं वाक्य जिभेवर आलं होतं: भिका कागद घेतो. आणि माझी नजर हेमराजच्या पायांवर गेली. त्यानं चपला काढून ठेवल्या होत्या, देवळात काढतो तशा.

मी म्हणालो, "वैशाली, पुढं चालू दे."

"पण दादा, आपलं ठरलं होतं..."

"पुढं चालू दे."

दिवे गेले. भिकानं पेन मागितलं.

आधी कोणाला समजलंच नाही. कोणीतरी हसलं, आता मालकाच्या डोळ्यात पेन खुपसतो म्हणालं. मग सही पूर्ण झाली. मग ती चार मिनिटं. मी तो शेवट पाच वेळा पाहिला होता, पण चारशे माणसांबरोबर पाहिला नव्हता. मांडीवर पडलेला तो उजवा हात, आणि भाकरी मोडता न येणारा डावा. मला पहिल्यांदा दिसलं की वाघळे काय करत होते. त्यांनी तो हात मारून टाकला होता. तो हात पुन्हा कधी कशाला लागणार नाही, हे एका शब्दाशिवाय सांगितलं होतं. मी अशा चार मिनिटांना घाबरतो. जिथं कोणी गप्प बसतं तिथं मी बोलायला लागतो.

दिवे लागल्यावर मी सांगितलं. फार थोडक्यात, माझ्या मानानं. भिकानं कागद कधीच फाडला नाही. शहाण्णव साली लाइट गेली आणि मी शेवट बनवला. मी खोटं सांगितलं आणि पुढं एकोणतीस वर्षं सांगत राहिलो.

मला वाटलं होतं लोक चिडतील, उठून जातील. ते मला मान्य होतं. पण बाजीराव काठी टेकत उभा राहिला.

"काय बोलता दादा! हे कापलंय! मी होतो की शहाण्णवला. मी डोळ्यांनी पाहिलं फाडताना."

"बाजीराव, लाइट गेली होती."

"लाइट नंतर गेली!"

"सेन्सॉरवाल्यांचं काम आहे हे," मागून कोणी ओरडलं. "इंटरनेटवर सगळं बदलून टाकतात!" "दादा मोठ्या मनानं अंगावर घेतायत!" आणि माझ्या नावाचा जयजयकार सुरू झाला! मी माइकमध्ये ओरडत होतो की मी खोटा आहे, आणि समोर माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. मी त्यांना इतकं नीट पटवून ठेवलं होतं की आता मलाच ते मोडता येत नव्हतं.

तेव्हा हेमराज उठला. मी त्याला उठवलं नव्हतं. त्यानं हात जोडले नाहीत. लोकांकडे वळला.

"सिनेमा कापेल नही," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "दादा खरं सांगी ऱ्हायनात. बठा खाले."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो सभेत बोलला. लोक बसले. बाजीरावही बसला. हेमराज मात्र खाली बसला नाही, चपला घालून बाहेर गेला.

मी सभा सोडून त्याच्या मागं गेलो. तो पायरीवर उभा होता.

"सिनेमामा कोनीच फाडा नही कागद?" त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही."

"आन् दुसरं कोठे? तुम्हीन कोनले फाडतांना दखेल? पुस्तकमा वाचेल?"

"नाही हेमराज. कुठंच नाही. मी ते मनानं रचलं. तुझं आयुष्य मी..."

त्यानं हात वर केला. "ऱ्हाऊ द्या दादा. भाषण नको."

मी थांबलो. आत वैशाली सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगत होती. खुर्च्यांचा आवाज झाला आणि शांत झालं. आम्ही दोघंही बाहेर तसेच उभे होतो.

"म्हंजे पहिला मीच," हेमराज म्हणाला.

तो असं का म्हणाला ते मला अजून समजलेलं नाही. बहुधा हा त्याचा मला बोल लावण्याचा प्रकार असेल. एकट्यालाच पुढं ढकललंत, असं म्हणायचं असेल. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात प्रमिलाबाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"त्यानी सही करी टाकी," हेमराज त्यांना म्हणाला.

"दखं मी. तठेच बठेल व्हतू." प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्यानी बायकोनं तोंड बी दखं. माले नही जमतं तसं ताट वाढनं."

मग त्यांनी त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "चाला."

"दादा," जाता जाता तो वळून म्हणाला, "आते मनं नाव स्टेजवर लेऊ नका."

मी मान हलवली. बरोबर आहे त्याचं. तो माझ्यावर रागावला आहे, आणि मला ते सोसलं पाहिजे. अठ्ठावीस तारखेला लिंबायतला माझी सभा आहे. मी तिथं काय सांगणार आहे, मला माहीत नाही.

ते दोघं रस्त्याच्या पलीकडे गेले, कडोदऱ्याच्या शेअर रिक्षा उभ्या राहतात तिथं. एका रिक्षात बसायचं सोडून हेमराज बाहेरच उभा राहिला, दांडीला धरून आत वाकून ड्रायव्हरशी बोलायला लागला. प्रमिलाबाई आत बसल्या होत्या, त्याला चल म्हणत नव्हत्या. तो काय सांगत होता ते मला एवढ्या लांबून ऐकू येत नव्हतं. नुसते हात दिसत होते. त्यानं दोन्ही हात छातीसमोर धरले आणि एकदा बाजूला नेले, मग पुन्हा जुळवून पुन्हा नेले. मग बोटांनी कपाएवढं काहीतरी दाखवलं.

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.